एकदा लावून विसरता येईल असा फुलांचा वाफा असतो का?

पत्राचा सारांश : नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या रो-हाउसच्या दर्शनी बाजूला, फाटकापासून पायरीपर्यंत, प्रत्येकी बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे दोन वाफे आहेत. एकावर दिवसभर ऊन असते, दुसऱ्यावर दुपारपर्यंतच. दर ऑक्टोबरमध्ये त्या हंगामी फुलांची रोपे आणतात, मार्चमध्ये ती वाळतात आणि पुढे पावसाळा संपेपर्यंत वाफे ओसाड राहतात. गुडघेदुखीमुळे दरवर्षीची लागवड आता झेपत नाही, म्हणून एकदा लावली की आपसूक जोमाने वाढतील आणि मधमाश्या-फुलपाखरेही येतील अशी बहुवर्षायू फुलझाडे त्यांना हवी आहेत. परदेशी बागांची चित्रे पाहून मागवलेली लव्हेंडर आणि एकिनेशियाची रोपे ऑगस्टमध्ये कुजली. ‘मरतच नाही’ म्हणून मिळालेल्या वेडेलिया आणि रुएलियाने मात्र दीड वर्षात एक वाफा पूर्ण व्यापला असून शेजारच्या वहिनी आता त्याची रोपे मागत आहेत. घरात चार वर्षांचा नातू असताना मधमाश्यांना आवतण कशासाठी, असा सूनबाईंचा आक्षेप आहे. तो त्यांना अवाजवी वाटतो. फुलपाखरांसाठी रुई आणि हळदीकुंकू लावावे असेही त्यांच्या मनात आहे. ‘पुन्हा प्रयत्न करावा, की सरळ फरशी टाकून कुंड्या ठेवाव्यात?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

फरशी टाकू नका. कुंडीतल्या झाडाला नाशिकच्या उन्हाळ्यात रोज पाणी घालावे लागते, कधी दोन वेळा. गुडघ्यांचा त्रास कमी करण्याचा तो मार्ग नव्हे. जमिनीत मुरलेले झाड मे महिन्यातही आठवड्यातून दोन-तीन पाण्यांवर निभावते. तेव्हा वाफे राहू द्यावेत, हे माझे मत आधीच सांगून टाकतो आणि मग तुमच्या पत्रातील गृहीतांकडे वळतो.

लव्हेंडर आणि एकिनेशिया कुजले यात तुमच्या हाताचा दोष नाही. लव्हेंडर भूमध्य समुद्राच्या आसपासच्या खडकाळ उतारांवरचे झाड आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमके उलटे असते : उबदार हवा आणि ओली माती ही जोडगोळी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हटत नाही, आणि या झाडाच्या मुळांना तेच सोसत नाही. एकिनेशिया उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील आहे. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, झाड जमिनीखाली झोपी जाते आणि वसंतात पुन्हा फुटते. नाशिकची थंडी महाराष्ट्रात कडक मानली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो हे खरे. पण दुपारी स्वेटर काढावा लागतोच, आणि त्या झाडाला हवी असलेली दीर्घ झोप येथे मिळत नाही. परदेशी बागांच्या सल्ल्यात ‘थंडीला टिकणारे’ हा झाडाचा मोठा गुण सांगितलेला असतो. आपल्या वाफ्याची परीक्षा थंडीत होत नाही. ती मेच्या कोरड्या झळांमध्ये एकदा आणि ऑगस्टच्या चिखलात दुसऱ्यांदा होते. या दोन्हींतून पार पडणारी झाडे तुलनेने कमी आहेत. यादी लहान झाली की निवड सोपी होते, हा त्यातला फायदा समजावा.

ऑगस्टचा प्रश्न मातीने अधिक बिकट केला आहे. तुमच्या भागातील माती बहुधा काळी, चिकण असणार : पाणी धरून ठेवणारी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शिवाय तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे सापडत असतील, तर एक्झोरासारखी आम्ल मातीची आवड असलेली झाडे तुमच्याकडे पिवळी पडतील. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे पान दिसले की लोह मिळत नाही असे समजावे. चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षबागांनाही हाच त्रास होतो आणि बागायतदार त्यासाठी फेरस सल्फेट वापरतात. घरच्या वाफ्यात मात्र औषधपाण्याच्या नादी लागण्यापेक्षा एक्झोराचा मोह सोडणे शहाणपणाचे.

मातीवरचा उपाय तुमच्या गुडघ्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून त्यावर खर्च करा असे मी आग्रहाने सुचवतो. दोन्ही वाफ्यांभोवती विटांचा दीड फूट उंच कठडा बांधून घ्या. त्याची वरची कड वीतभर रुंद ठेवली तर तिच्यावर बसून खुरपता येईल, आणि तीन फुटांचा वाफा बसल्या जागेवरून हाताच्या टप्प्यात राहील. कठड्याच्या तळाशी दर दोन-तीन फुटांवर पाणी जाण्यासाठी भोके ठेवायला गवंड्याला आठवणीने सांगा. ती राहिली तर वाफ्याचे हौद होतील. तळाशी विटांचे तुकडे पसरा आणि वर दोन घमेली जुनी माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले मुरूम या प्रमाणात मिसळून भरा. ताजे शेण चालणार नाही, त्यातून हुमणी ही मुळे खाणारी अळी येते.

आता जोमाबद्दल. तुम्हाला जोमदार झाड हवे होते आणि रोपवाटिकेने तुम्हाला अक्षरशः तेच दिले. झाडाचा जोम दोन तऱ्हांचा असतो. काही झाडे स्वतःच्या जागी दाट होतात, छाटली की दुप्पट फुटतात, दुर्लक्ष सोसतात, पण जागा सोडत नाहीत. दुसरी धावतात. वेडेलियाच्या जमिनीवर टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. रुएलियाच्या सुकलेल्या शेंगा पाण्याचा थेंब पडताच फुटून बिया दूर उडवतात आणि जमिनीखालून तिचे कंदही सरकत असतात. वेडेलिया आणि आपल्या टेकड्यांवर माजलेली घाणेरी ही दोन्ही, जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. दोघांच्याही फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरे भरपूर येतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. कारण ‘मधमाश्या येतात’ एवढ्या प्रशस्तीवर झाड निवडले तर काय होते, ते तुमच्या वाफ्यात दिसतेच आहे. जे झाड इतर दहा झाडांची जागा घेते ते वर्षभराच्या फुलोऱ्यातली विविधता संपवते, आणि कीटकांना विविधताच लागते.

ही दोन्ही झाडे काढावी लागतील. मेमध्ये वाफ्याला एक पाणी द्या, दुसऱ्या दिवशी माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण न चिकटणारी, झाली की माळीबाबांकडून पिकावाने खणून मुळांसकट काढून घ्या. हे काम तुम्ही स्वतः करू नका. काढलेले वेल गच्चीवर उन्हात आठ-दहा दिवस पसरून पार कुरकुरीत होऊ द्या आणि मगच खतात टाका. ओले कात्रण नासर्डी नदीच्या काठी किंवा मोकळ्या भूखंडावर टाकणे म्हणजे तेथे लागवड करण्यासारखेच आहे. रुएलियाची रोपे पुढची एक-दोन वर्षे उगवत राहतील. दोन पाने दिसताच उपटत गेले की ती संपतात, त्यासाठी तणनाशक नको. आणि शेजारच्या वहिनींना वेडेलिया देऊ नका. त्यांना ऑगस्टमध्ये पेंटास या फुलझाडाची छाट कलमे द्या. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात आणि तुमच्या कुंपणाखालून परत येत नाहीत.

आता लावायचे काय, या मुख्य प्रश्नाकडे येण्याआधी फुलांकडे पाहणाऱ्याची नजर थोडी बदलावी लागेल. आपण फुले विकत घेतो ती डोळ्यांसाठी : मोठी, भरगच्च, दुहेरी. दुहेरी फुलात बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी आणि मधापर्यंतची वाट बंद. दुहेरी जास्वंद, दुहेरी तगर, गोंड्यासारखी शेवंती यांवर माशी क्षणभर बसते आणि उठते. मोगलकाळात गुलशनाबाद म्हणवलेल्या आपल्या गावाला हे रुचणार नाही, पण बाजारातला भरगच्च गुलाब कीटकांच्या दृष्टीने जवळजवळ रिकामा असतो. गुलाबात मध जवळपास नसतोच, आणि पराग पाकळ्यांच्या गर्दीत हरवतो. (गुलाबाच्या पानांच्या कडा कोणी कात्रीने गोल कापल्यासारख्या दिसल्या तर मात्र औषध फवारू नका. पाने कापणारी एक एकटी राहणारी माशी ते तुकडे आपल्या घरट्याला अस्तर म्हणून नेते आणि झाडाचे त्यात काहीही बिघडत नाही.) दुसरी गोष्ट रंगाची. मधमाश्यांना रंग दिसतात हे प्रयोगांनी दाखवून देणारे आणि पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कार्ल फॉन फ्रिश यांच्या कामापासून आपल्याला माहीत आहे की मधमाशीला तांबडा रंग वेगळा ओळखता येत नाही. निळा, जांभळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील तिला उत्तम दिसतो. तांबडी नळीदार फुले शिंजीर पक्ष्यांसाठी आणि फुलपाखरांसाठी. तेव्हा लाल पेंटासवर माश्या आल्या नाहीत म्हणून निराश होऊ नका, ते झाड वेगळ्या पाहुण्यांचे आहे.

उन्हाच्या वाफ्यापासून सुरुवात करू. लव्हेंडरच्या निळ्या तुऱ्यांनी तुम्हाला भुरळ घातली असेल, तर निळा साल्व्हिया लावा. तो टेक्सास आणि मेक्सिकोकडचा आहे, उष्णता सोसतो आणि पाण्याचा निचरा असेल तर पावसाळाही काढतो. रोपवाटिकेत तो हंगामी म्हणून विकला जातो आणि फुले संपली की लोक उपटून टाकतात. तसे न करता वीतभर ठेवून छाटला तर पुन्हा फुटतो. एकिनेशियाच्या जागी गलांडा घ्या. दोघेही सूर्यफुलाच्या कुळातले, फुलाची घडणही सारखीच, आणि गलांडा आपल्या शेतकऱ्यांच्या हातचा आहे. फूलबाजारात हारांसाठी तो ढिगांनी येतो. तोही अमेरिकेतलाच, पण कोरड्या, उष्ण भागातला. त्याची एकेरी फुलांची रोपे मागा. गलांड्याचे एकेक झाड फार वर्षे जगत नाही, मात्र गळलेल्या बियांतून त्याच जागी नवी रोपे उगवतात, त्यामुळे वाफ्यात तो टिकतो असेच म्हणता येईल.

फूलविक्रेते गुच्छात भरण्यासाठी जो पिवळा गोल्डनरॉड वापरतात, तो वाफ्यात एका कोपऱ्याला लावण्यासारखा आहे. त्याच्या बारीक फुलांवर लहान माश्या, गांधीलमाश्या, फुलपाखरे यांची जत्रा भरते. हा मात्र मुळांपासून काश्या (जमिनीखालून फुटणारे कोंब) काढत पसरतो, म्हणून त्याला तळ नसलेल्या जुन्या बादलीचे कडे जमिनीत पुरून त्यात लावावा. शेवंतीही काश्यांवरच चालते. हिवाळ्यातला बहर संपला की ती जमिनीलगत छाटावी, काश्या जपाव्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या वेगळ्या करून लावाव्यात. शेवंतीचीही एकेरी, मध्ये पिवळी चकती दिसणारी जातच घ्यावी.

तुळशीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नाशिकच्या वाफ्यात मधमाश्यांसाठी तिच्या तोडीचे झाड मला दुसरे दिसत नाही. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो. त्याने झाड अधिक काळ पानांवर राहते आणि ते योग्यच आहे. वाफ्यात मात्र तीन-चार तुळशी किंवा सब्जाची झाडे वेगळी लावा आणि त्यांच्या मंजिऱ्या राहू द्या. सकाळी त्यांवर सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या, शिवाय निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी दिसेल. ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळे करत नाही, मातीत एकटीच बीळ करून राहते आणि टोमॅटो-वांग्याच्या फुलांना थरथर कंप देऊन त्यांतले पराग झाडते. परसात भाजी लावणाऱ्याला तिचा प्रत्यक्ष लाभ होतो. तुळस दोन-तीन वर्षांत थकते, पण तोवर तिची रोपे शेजारी उगवलेली असतात.

दुपारनंतर सावली येणाऱ्या वाफ्यात अबोली, पेंटास आणि बिनकाट्याची, जांभळ्या फुलांची कोरांटी लावा. पिवळी कोरांटी अधिक काटक असली तरी तिच्या पानांच्या बेचक्यात काटे असतात. नातवाचा विचार करता ती कुंपणाच्या कडेला एखादीच असावी. मागच्या बाजूला निळ्या चित्रकाची दोन झाडे पुरतात. हा निळा चित्रक मूळ दक्षिण आफ्रिकेचा, पण त्याच्यावर झेब्रा ब्लू नावाचे आपल्याकडचे नखाएवढे फुलपाखरू अंडी घालते, तसे ते इथल्या पांढऱ्या चित्रकावरही घालते. झाड देशी की परदेशी या वादात मी फार शिरत नाही. ते धावत नसावे आणि त्याच्यात कोणाचे तरी पोट भरावे, एवढे मला पुरेसे वाटते. मात्र अंजनेरी-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरची सोनकी किंवा कंदीलपुष्पे उपटून आणून वाफ्यात लावण्याचा विचार कोणीही करू नये. ती घरच्या मातीत जगत नाहीत आणि त्यांतली काही तर त्या एखाद-दुसऱ्या डोंगरापुरतीच शिल्लक आहेत.

एका जातीचे एकच झाड असे प्रदर्शन मांडण्यापेक्षा चार-पाच जाती घेऊन प्रत्येकीची तीन ते पाच रोपे एकत्र लावा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर काम करते, त्यामुळे पुंजका तिला परवडतो. दोन रोपांत दीड फूट आणि चित्रकाला अडीच-तीन फूट अंतर ठेवा. पहिले सहा महिने वाफा विरळ दिसेल, तो विरळपणा सहन करा. तो भरून काढण्याच्या घाईतच लोक वेडेलियापर्यंत पोहोचतात.

वर्षाच्या हिशेबात तुमची खरी उणीव उन्हाळ्याची आहे आणि गंमत म्हणजे मधमाश्यांचीही तीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्यात बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) फुललेले असतात आणि त्या वेळी शेतकऱ्यांना मधमाश्या हव्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब फुलतो. मग मेमध्ये शिवारात खाद्य कमी पडते. दोन वाफ्यांनी आग्यामाशीचे मोठे पोळे पोसले जाईल असे मी म्हणणार नाही, पण बिळात राहणाऱ्या एकट्या माश्यांचा वावर काही शे मीटरचाच असतो आणि त्यांना तुमच्या बारा फुटांनीही फरक पडतो. यासाठी कठड्याच्या कडेने चिनी गुलाब लावा, एकेरी फुलांचा. उन्हात तोच खुलतो आणि मोडलेली काडी मातीत खोचली तरी जगतो. जोडीला टर्नेरा ठेवा. त्याची फिकट पिवळी-पांढरी फुले सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात आणि तेवढ्या वेळात भरपूर माश्या येऊन जातात. मुंग्या त्याच्या बिया वाहून नेतात, म्हणून फटीत उगवलेली रोपे काढत राहावे लागते. शिवाय परसात जागा असेल तर कढीपत्ता आणि लिंबू लावाच. फुलांवर माश्या, पानांवर फुलपाखरांच्या अळ्या आणि स्वयंपाकघराला उपयोग. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या राणी पाकोळीच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांची पाने खाऊन वाढतात. येथे एक प्रश्न स्वतःला विचारून ठेवावा : कुरतडलेली पाने चालतील का? फुलपाखरू हवे आणि अळी नको, अशी बाग होत नाही.

आता सूनबाईंबद्दल. त्यांची काळजी तुम्हाला अवाजवी वाटते. मला ती अर्धी बरोबर वाटते, आणि त्यातला बरोबर अर्धा तुम्ही मान्य केलात तर दुसरा अर्धा त्या मान्य करतील. फुलावर काम करणारी माशी सहसा डंख मारत नाही. मधमाशी डंख मारते ती मुख्यतः पोळ्याच्या रक्षणासाठी, किंवा चिरडली गेली तर. एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला पोळेच नसते. काळा भुंगा दिसायला भीतिदायक, पण त्यातल्या नराला नांगीच नसते. धोका असतो तो आग्यामाशीच्या पोळ्याला कोणी दगड मारला किंवा धूर केला तर, आणि असे पोळे उंच इमारतीला, पाण्याच्या टाकीला किंवा मोठ्या झाडाला लागते. तुमच्या तुळशीमुळे ते तेथे येत नाही. तरीही चार वर्षांचे मूल अनवाणी पळते आणि फूल मुठीत धरते, हे वास्तव आहे. म्हणून तुळस, साल्व्हिया, गोल्डनरॉड ही माश्यांची झाडे कुंपणाकडच्या बाजूला ठेवा, पायरीजवळ पेंटास आणि अबोली असू द्या, आणि चिनी गुलाब नातू जिथे खेळतो त्या कडेला लावू नका. डंख बसलाच तर नांगी नखाने खरवडून लगेच काढावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चेहरा किंवा ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. घरात कोणाला पूर्वी असा त्रास झाला असेल, तर लागवडीआधीच डॉक्टरांशी बोलणे योग्य.

उलट ज्या गोष्टीची काळजी घरात कोणीच केलेली नाही ती म्हणजे रुई आणि हळदीकुंकू. दोन्हींवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात हे खरे. पण दोन्ही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. नातू पानाला हात लावू नये एवढे समजण्याच्या वयाचा होईपर्यंत ती लावू नयेत, आणि दारात कण्हेर असेल तर तिच्याकडेही याच नजरेने पाहावे. ही गोष्ट तुम्ही स्वतःहून सूनबाईंना सांगितलीत, तर कुठले झाड कुठे लावायचे हे ठरवायला त्याही तुमच्यासोबत बसतील असा माझा अंदाज आहे.

निगा किती, हे शेवटी सांगतो, कारण विसरता येईल असा वाफा मी तुम्हाला देऊ शकत नाही. वर्षाला दोन छाटण्या लागतील. द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. वाफ्याची मोठी छाटणी मात्र एप्रिलऐवजी जूनच्या पहिल्या पावसांनंतर करावी, म्हणजे उन्हाळ्यात फुले हातची जात नाहीत आणि पावसात फूट लवकर येते. ऑक्टोबरमध्ये फक्त सुकलेले तुरे आणि आडव्या गेलेल्या फांद्या काढाव्यात. पेंटास तीन-चार वर्षांत खोडाशी लाकडासारखा टणक होऊन फुले कमी करतो, तेव्हा त्याच्याच कलमांनी तो बदलावा. मार्चपासून मातीवर पालापाचोळ्याचा तीन-चार बोटे थर द्या, पण उन्हाच्या वाफ्याच्या एका टोकाला हातभर जागा उघडी, न खणलेली राहू द्या. बीळ करणाऱ्या माश्यांना ती लागते. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवलेत तर ते एक दिवसाआड बदला, अन्यथा डासांची सोय होईल.

फवारणीबद्दल माझे मत कडक आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या अंगात भिनतात आणि मध-परागातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली याच्यासह तीन अशा औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांमुळेच. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, फारच झाला तर सूर्यास्तानंतर निंबोळी अर्क. रोपवाटिकेतली रोपे फवारलेली असू शकतात, म्हणून आणल्यावर त्यांचा पहिला बहर खुडून टाकणे बरे.

मे महिन्यात सफाई आणि कठडा, मृगाचा पाऊस सुरू झाला की चित्रक, पेंटास, अबोली, कोरांटी, तुळस आणि गोल्डनरॉड, असा क्रम ठेवा. उन्हाच्या वाफ्याचा एक तृतीयांश भाग मुद्दाम रिकामा सोडा. निळा साल्व्हिया आणि गलांडा यांची कोवळी रोपे पहिल्याच पावसाळ्यात घालण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये त्या जागेत लावा; पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यांची मुळे खोल गेलेली असतील. त्या रिकाम्या जागेत पावसाळ्यापुरता तेरडा टाकायला हरकत नाही. तो हंगामीच आहे, पण बी विस्कटण्यापलीकडे त्याला तुमच्या गुडघ्यांकडून काही लागत नाही.